स्वयंपाकघरात लाकडी फरशी की टाइल? आधी जमिनीच्या खाली बघा

नमुने बघायला दुकानात जाण्याआधी हे वाचत असाल तर उत्तम. जाऊन आला असाल आणि ओकची एखादी फळी मनात भरली असेल, तरी हरकत नाही. फक्त आगाऊ रक्कम अजून देऊ नका. लाकूड की टाइल हा प्रश्न बहुतेक जण रंगरूपाकडून सोडवायला घेतात आणि मग "पण पाण्याचं काय?" इथे येऊन अडतात. क्रम उलटा हवा. फरशीच्या खाली काय आहे, घरात पाणी कसं वापरलं जातं, आणि फरशी पुसतं कोण व कशी, एवढं कळलं की बऱ्याच घरांत निवड होऊनच जाते. रंगाचा विचार त्यानंतर निवांत करता येतो.

माझा कल आधीच सांगून ठेवलेला बरा. चार भिंतींतलं वेगळं स्वयंपाकघर असेल तर टाइल. दिवाणखान्याला जोडलेलं उघडं स्वयंपाकघर असेल आणि जमीन सलग हवी असेल, तर लाकडाचा विचार जरूर करावा, पण तिथेही अखंड लाकडाचा नव्हे, इंजिनिअर्ड लाकडाचा, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवूड. याला अपवाद आहेत, ते ओघात येतीलच.

पायरी १: खाली काय आहे ते तपासा

आपण चालतो तो फक्त वरचा थर. त्याखाली काँक्रीटचा स्लॅब असतो, नाहीतर लाकडी तुळयांवर ठोकलेलं प्लायवूड, नाहीतर आधीच्या कुणीतरी बसवलेली जुनी फरशी. तिन्हींची गणितं वेगळी आहेत.

काँक्रीट असेल तर पहिला प्रश्न ओलीचा. काँक्रीट २८ दिवसांत तयार होतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो आकडा मजबुतीचा आहे, सुकण्याचा नाही. सुकण्यासाठी ढोबळमानाने दर २५ मिलिमीटर जाडीमागे एक महिना धरतात. म्हणजे १०० मिलिमीटरचा नवा स्लॅब चार महिने तरी आतून ओला असू शकतो, वरून कितीही पांढरा दिसला तरी. टाइलचं याने फारसं बिघडत नाही. लाकूड मात्र खालून ती ओल ओढत राहतं आणि काही महिन्यांनी फळ्यांच्या कडा उचलल्या जायला लागतात. तोवर कंत्राटदाराचा हिशेब चुकता झालेला असतो.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. साधारण ४५ सेंटीमीटर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि किमान १६ तास त्याला हात लावू नका. आतून दव धरलं किंवा खालचं काँक्रीट काळपट दिसलं, तर लाकडाचा विषय तूर्त बाजूला ठेवा. उलट काहीच दिसलं नाही म्हणून जमीन कोरडी आहे असंही समजू नका. ही चाचणी फक्त वरच्या थराबद्दल सांगते. लाकूड घालायचंच असेल तर स्लॅबला भोक पाडून आत प्रोब बसवून घेतलेलं आर्द्रतेचं मोजमाप मागा. गोंद बनवणाऱ्या कंपनीने चालेल म्हणून दिलेला आकडा आणि तुमच्या जमिनीचा आकडा, दोन्ही एका कागदावर लिहून घ्या. पुढे वाद झालाच तर हा कागद कामी येतो.

तुळयांवरची जमीन असेल तर प्रश्न वजनाचा आणि लवण्याचा. साधारण ९ मिलिमीटर जाडीची पोर्सेलिन टाइल चौरस मीटरला २० किलोच्या आसपास भरते. ती सिमेंट-वाळूच्या ४० मिलिमीटर थरावर बसवली तर त्या थराचेच आणखी ८० किलो. म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. इंजिनिअर्ड लाकूड त्याच जागेत १० किलोच्या आसपास राहतं. आणि वजनापेक्षाही घातक असतं ते लवणं. टाइलच्या फरशीसाठी तुळईचं लवणं गाळ्याच्या, म्हणजे तिच्या दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६० व्या भागाच्या आत असावं असा प्रचलित नियम आहे, ३.६ मीटरच्या गाळ्याला १० मिलिमीटर. नैसर्गिक दगड असेल तर त्याच्या निम्मंच चालतं. खोलीच्या मधोमध उभं राहून टाचांवर जोर देऊन पाहा. कपाटातली भांडी किणकिणली, तर टाइलचे सांधे तडकणार हे धरून चाला. अशा जमिनीवर एकतर तुळया मजबूत करून घ्याव्या लागतात, किंवा सरळ लाकूड घालावं. लाकूड थोडं लवतं आणि तरी शाबूत राहतं. टाइलला ते जमत नाही.

आता समतलपणा. दोन-तीन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरपी ठेवा आणि खालून किती उजेड दिसतो ते बघा. पाणसळ उतार दाखवते, खड्डे दाखवत नाही, म्हणून पट्टीच हवी. टाइलची एखादी बाजू ३८ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ३ मीटरमध्ये ३ मिलिमीटरच्या वर चढउतार चालत नाही. लहान टाइलला त्याच्या दुप्पट चालतो. लाकडाची अपेक्षा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. बसवताना "मसाल्यात घेऊ जुळवून" असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. जमीन आधी सेल्फ-लेव्हलिंग मिश्रणाने सपाट करायची, मग फरशी.

जुन्या फरशीवरच नवी बसवावी का? जुनी घट्ट असेल, कुठे पोकळ वाजत नसेल, तर बसवता येते. फक्त उंची वाढते, आणि त्याचा त्रास वेगळा आहे. तो पायरी ६ मध्ये.

पायरी २: तुमच्या घरात फरशी धुतली जाते की पुसली जाते?

सगळ्या लेखात एकच प्रश्न लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. काही घरांत बादली ओतून, खराटा मारून फरशी धुण्याची पद्धत असते. काही घरांत पिळलेल्या फडक्याने पुसतात. पहिल्या प्रकारच्या घरात लाकूड नको, विषय संपला. कोणत्याही कंपनीचं पॉलिश रोजच्या त्या पाण्याला पुरं पडणार नाही. आणि हा प्रश्न स्वतःपुरता विचारून भागत नाही. घरात जी व्यक्ती प्रत्यक्ष फरशी पुसते तिला विचारा. तिला नवी पद्धत मान्य नसेल तर फरशीने त्या व्यक्तीप्रमाणे बदलायला हवं, व्यक्तीने फरशीप्रमाणे नव्हे.

लाकूड पाण्याने खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेतलं तर उगाच भीतीही वाटत नाही आणि फाजील विश्वासही बसत नाही. भाजी धुताना उडालेले थेंब, सांडलेला पेलाभर चहा, ओल्या पायांचे ठसे, याने चांगलं पॉलिश केलेल्या लाकडाला काही होत नाही, दहा-पंधरा मिनिटांत टिपलं म्हणजे झालं. मारक असतं ते साचलेलं पाणी. ते दोन फळ्यांच्या सांध्यातून उतरतं, फळीच्या खालच्या बाजूला पोचतं आणि तिथे पॉलिश नसतं.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. व्हाइट ओकची साध्या कापाची १२० मिलिमीटर रुंद फळी घेतली आणि तिच्यातली ओल ४ टक्क्यांनी वाढली, तर ती सुमारे पावणेदोन मिलिमीटर रुंदावते. एका फळीचं हे काही वाटत नाही. पण ३ मीटर रुंदीच्या खोलीत अशा २५ फळ्या बसतात आणि कागदावरची बेरीज ४ सेंटीमीटरच्या वर जाते. प्रत्यक्षात खिळे, गोंद आणि सांध्यातल्या फटी ती बरीच अडवून धरतात, पण जोर कुठेतरी निघतोच. फळी खालून ओली आणि वरून कोरडी राहिली की खालची बाजू फुगते, कडा वर येतात, मधला भाग खोलगट राहतो. अशा फरशीवर बोट आडवं फिरवलं तर प्रत्येक सांध्यावर बारीक उंचवटा लागतो, आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात सगळी जमीन पन्हाळ्यांची दिसते. ही अवस्था आली की घाईने घासून सपाट करू नये. ओल उतरल्यावर फळ्या पुन्हा बसतात आणि घासलेल्या कडा मग खाली जातात. मधोमध टेंगूळ येतं. आधी गळती शोधायची, जमीन पूर्ण सुकू द्यायची, मगच रंधा किंवा सँडिंग.

इंजिनिअर्ड लाकडात वर २ ते ६ मिलिमीटर खरं लाकूड आणि खाली आडव्या-उभ्या रेषांचं प्लायवूड असतं. एकमेकांना काटकोनात चिकटवलेले थर एकमेकांना हलू देत नाहीत, म्हणून ते हवेतल्या ओलीने फार कमी फुगतं. पण "कमी फुगतं" म्हणजे "पाण्यात चालतं" नव्हे. सिंकखालची नळी रात्रभर गळली तर तेही जातं.

आता टाइलबद्दलचा एक गैरसमज. टाइल पाणी पीत नाही हे खरं. पोर्सेलिन किंवा व्हिट्रिफाइड म्हणवून घ्यायला पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असावं लागतं. पण टाइलची फरशी वॉटरप्रूफ नसते. सिमेंटच्या ग्राउटमधून, म्हणजे टाइलमधल्या सांध्यांत भरलेल्या मसाल्यातून, पाणी हळूहळू झिरपतं. खाली दुसऱ्याचं घर असेल, किंवा जमीन लाकडी असेल, तर टाइलच्या खाली वॉटरप्रूफिंगचा थर वेगळा द्यावा लागतो.

पायरी ३: पाय, कान आणि हातातून निसटणारी भांडी

टाइल थंड लागते याचं कारण तिचं तापमान कमी असतं असं नाही. खोलीत लाकूड आणि टाइल दोन्ही सारख्याच तापमानाला असतात. टाइल पायाची ऊब कितीतरी वेगाने ओढून घेते, म्हणून गार वाटते. थंड हवेत हा तोटा आणि उकाड्यात हाच फायदा. जमिनीखाली उष्णतेच्या नळ्या किंवा तारा घालणार असाल तर टाइल सरस ठरते, कारण ती ऊब लगेच वर देते. लाकडाखालीही त्या घालता येतात, पण पृष्ठभागाचं तापमान साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नसतं.

उभं राहून पाय दुखण्याच्या बाबतीत मात्र लाकडाची कीर्ती जरा वाढवून सांगितली जाते. तुळयांवरचं लाकूड पायाला खरंच मऊ जातं. काँक्रीटवर गोंदाने घट्ट चिकटवलेलं १४ मिलिमीटर लाकूड आणि टाइल यांत पायाला फारसा फरक जाणवत नाही. ओट्यापुढे जाड रबरी चटई टाकली की दोन्हीकडे आराम मिळतो.

काचेचा पेला टाइलवर पडला तर गेलाच. लाकडावर एखाद्या वेळी वाचतो. पण लोखंडी तवा लाकडावर पडला तर खळगा पडतो आणि टाइलवर पडला तर कोपरा उडतो. लाकडाचा खळगा जुना झाला की लाकडाचाच भाग वाटू लागतो; टाइलचा टवका नवा असतानाही आणि दहा वर्षांनीही टवकाच दिसतो. सांडलेलं तापलं तेल किंवा जमिनीवर टेकवलेलं कडक भांडं मात्र लाकडाला कायमचा डाग देऊन जातं, टाइलला त्याचं काही वाटत नाही.

आवाजाचं एका वाक्यात सांगायचं तर दोन्ही कठीण आहेत, आणि खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर दोन्हींखाली आवाज अडवणारा थर मागून घ्यावा.

पायरी ४: लाकूड ठरलं असेल तर

जात निवडताना जांका कठीणता बघतात. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, त्याचा हा आकडा. पाउंडांमध्ये अमेरिकन अक्रोड साधारण १०१०, रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०, हार्ड मेपल १४५०, हिकरी १८२०. जितका आकडा मोठा तितके खळगे कमी. स्वयंपाकघरासाठी माझं मत व्हाइट ओकला. तो सगळ्यांत कठीण नाही, पण त्याच्या छिद्रांमध्ये नैसर्गिक बुचं असतात आणि पाणी आत सहज शिरत नाही. रेड ओकची छिद्रं त्यामानाने मोकळी. शिवाय व्हाइट ओकच्या रेषा ठळक असल्यामुळे ओरखडे लपतात. मेपल कठीण असूनही इतका गुळगुळीत दिसतो की प्रत्येक खरचटा नजरेत भरतो. ओकची एक खोड माहीत असू द्या: त्यात टॅनिन असतं, आणि ओल्या ओकवर लोखंडी डबा किंवा गंजकं स्टँड राहिलं तर काळा डाग पडतो.

क्वार्टर-सॉन, म्हणजे वर्तुळं उभी येतील अशी कापलेली फळी मिळत असेल तर तिचं रुंदीतलं हलणं साध्या कापाच्या जवळपास निम्मं असतं. महाग पडते, पण स्वयंपाकघरात तो खर्च सार्थकी लागतो. अरुंद फळ्या घ्या. रुंद फळी दिसायला भारदस्त, पण तिची प्रत्येक हालचालही रुंदच.

इंजिनिअर्ड घेताना एकच प्रश्न आग्रहाने विचारा: वरचं खरं लाकूड किती मिलिमीटर? ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पुढे एखाद-दोनदा घासून नवं करता येतं. त्याहून पातळ असेल तर ती फरशी वापरून काढून टाकायची, हे मनाशी ठरवूनच घ्या. अखंड १८-२० मिलिमीटरची फळी कित्येकदा घासता येते आणि पिढीभर टिकते, पण ती सरळ काँक्रीटवर बसवायची नाही.

पॉलिशच्या बाबतीत दोन पंथ आहेत. पॉलियुरेथेन लाकडावर पातळ पापुद्रा तयार करतो, पाणी चांगलं अडवतो, पण एका जागी खरवडला तर फक्त तेवढाच भाग दुरुस्त करणं अवघड. सगळी खोली हलकी घासून पुन्हा कोट द्यावा लागतो. हार्डवॅक्स तेल लाकडात मुरतं, डागाच्या जागी थोडं घासून पुन्हा लावता येतं, पण देखभाल अधिक वेळा मागतं. ज्याला हाताने कामं करायला आवडतात त्याने तेल घ्यावं, बाकीच्यांनी मॅट किंवा सॅटिन पॉलियुरेथेन. चकचकीत पॉलिश स्वयंपाकघरात घेऊ नका. पहिल्याच महिन्यात खुर्च्यांच्या पायांचे माग मोजता येतील.

फळ्या आल्या की लगेच ठोकायच्या नाहीत. घरात नेहमी असतं तसं हवामान ठेवून त्या तिथेच मुरू द्यायच्या. किती दिवस, याला ठरावीक उत्तर नाही. ओलीचं मीटर लावून फळीची आणि खालच्या प्लायवूडची ओल ताडून बघायची. रुंद फळ्यांसाठी दोन्हींतला फरक २ टक्क्यांच्या आत, ७५ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्यांसाठी ४ टक्क्यांच्या आत. भिंतींच्या कडेला फुगायला जागा सोडलीच पाहिजे, कंपनी सांगेल तेवढी, बहुधा १० मिलिमीटर किंवा जास्त. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आणि न चिकटवता नुसती अंथरलेली फरशी असेल तर तिच्यावर ओट्याची कपाटं ठेवू नका. कपाटांनी ती एका बाजूने दाबून धरली की दुसऱ्या बाजूला फुगा येतो किंवा सांधे सुटतात.

पायरी ५: टाइल ठरली असेल तर

टाइल घेताना लोक डिझाइनवर तासभर घालवतात आणि ग्राउटवर दोन मिनिटं. खरं तर पुढची वीस वर्षं डोळ्यांत खुपणार असतं ते ग्राउट. सिमेंटचं ग्राउट तेल पितं, आणि ओट्यापुढचा पट्टा काही महिन्यांत बाकीच्या फरशीपेक्षा गडद दिसायला लागतो. सीलर लावला तर डाग हळू पडतात, पण तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो. इपॉक्सी ग्राउट डाग धरत नाही आणि त्याला सीलर लागत नाही. ते महाग असतं आणि भरणारा हात सराईत लागतो, कारण टाइलवर राहिलेला त्याचा चिकट पापुद्रा सुकण्याआधी पुसला नाही तर निघता निघत नाही. स्वयंपाकघरासाठी इपॉक्सीच घ्या. बजेट ताणलं जात असेल तर टाइल एक प्रत खालची घ्या, पण ग्राउटमध्ये काटकसर नको. रंगही पांढरा नको. मध्यम राखाडी किंवा टाइलच्या रंगापेक्षा किंचित गडद.

सांधा किती ठेवायचा? कडा यंत्राने घासून एकमापी केलेल्या टाइलला २-३ मिलिमीटर पुरतात. बाकीच्यांना ३ ते ५ लागतात. सांधा न ठेवता टाइलला टाइल भिडवण्याचा आग्रह धरणारे लोक असतात. त्यांच्या फरश्या कधीतरी तंबूसारख्या उचलल्या जातात. भिंतीच्या कडेलाही ६ मिलिमीटरच्या आसपास फट हवी आणि तिच्यात ग्राउट भरायचं नाही. ती मोकळी ठेवायची किंवा सिलिकॉनने बुजवायची.

घसरण्याबद्दल विक्रेत्याला स्पष्ट आकडा विचारा. ओल्या टाइलचा घर्षणाचा आकडा, डीसीओएफ, ०.४२ किंवा जास्त हवा. काही कंपन्या त्याऐवजी आर श्रेणी देतात. ती उतरणीवर तेल ओतून, त्यावर माणूस चालवून ठरवतात; आर ९ पासून आर १३ पर्यंत जाते. घरगुती स्वयंपाकघराला आर १० योग्य. त्याहून खरखरीत घेतली तर घसरणार नाही, पण तिच्या बारीक खाचांत मळ बसेल आणि फडकं अडकेल. आरशासारखी पॉलिश केलेली टाइल स्वयंपाकघरात का विकतात, हे मला कधी उमगलेलं नाही. तेलाचा एक थेंब आणि पाण्याचे चार थेंब पुरे होतात.

ग्लेझ असलेल्या टाइलवर झिजेची पीईआय श्रेणी लिहिलेली असते, शून्य ते पाच. स्वयंपाकघराला तीन चालते. बाहेरून थेट दार उघडत असेल आणि चपलांबरोबर वाळू येत असेल तर चार घ्या. आतपर्यंत एकाच रंगाची, म्हणजे फुल-बॉडी टाइल मिळाली तर टवका उडाला तरी आतला वेगळा रंग उघडा पडत नाही.

लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब टाइल हा अनेकांना मधला मार्ग वाटतो, आणि तो वाईट नाही. मात्र अशा लांब टाइलला भाजताना मधोमध किंचित बाक येतो. विटांच्या रचनेप्रमाणे एकीचा मध्य दुसरीच्या टोकाशी आणला तर उंच भाग खोल भागाशेजारी येतो आणि अनवाणी चालताना ठेच लागते. म्हणून एका बाजूने ३८ सेंटीमीटरच्या वरच्या टाइलमध्ये सांधा अर्ध्यावर न घेता एक तृतीयांशावर घ्यायचा. शिवाय खोकं उघडून एकच चित्र किती टाइलनंतर पुन्हा येतं ते बघा. चारच चित्रं असतील तर जमीन खोटी दिसते.

खर्चाबद्दल इतकंच: नुसत्या मालाच्या भावावर जाऊ नका. टाइलमध्ये मजुरी आणि जमीन सपाट करणं कधी टाइलच्या किमतीच्या वर जातं. लाकडात माल महाग, बसवणं तुलनेने लवकर, पण पुढे दर काही वर्षांनी कोट देण्याचा खर्च धरावा लागतो. तुलना करायची तर पंधरा वर्षांची करा.

पायरी ६: उंची मोजा, डिशवॉशर अडकेल का ते बघा

नव्या फरशीची एकूण जाडी मोजा: समतल करण्याचा थर, चिकटवणारा मसाला, टाइल किंवा फळी. आता शेजारच्या खोलीच्या फरशीशी तुलना करा. ५-६ मिलिमीटरचा फरक उतरत्या पट्टीने झाकता येतो. त्याहून मोठी पायरी रोज पायाला लागेल, आणि चाकाची खुर्ची किंवा काठी वापरणारं कुणी घरात असेल तर ती चालणारच नाही. दारं खालून घासायला लागतील का, हेही आत्ताच बघा.

डिशवॉशरची जागा अनेकांच्या ध्यानात येत नाही. नवी फरशी फक्त ओट्याच्या पुढच्या कडेपर्यंत घातली आणि यंत्राखाली जुनीच ठेवली, तर यंत्र खड्ड्यात बसतं. पुढे ते दुरुस्तीला बाहेर काढायचं म्हटलं तर वरून ओटा अडवतो आणि खालून फरशीची कड. यंत्रांच्या खालपर्यंत त्याच उंचीची फरशी न्यावी.

लाकूड आणि टाइल दोन्ही हवं असेल, म्हणजे ओट्यापुढे टाइल आणि जेवणाच्या बाजूला लाकूड, तर सांध्याची रेषा कपाटाच्या किंवा आयलंडच्या कडेशी जुळवून घ्या. खोलीच्या मधोमध कुठेतरी थांबणारी रेषा कायम अर्धवट वाटते. या सांध्यात लाकडाला हलायला जागा हवी. तिथे धातूची पट्टी किंवा लवचीक बुच घालायचा, कडक ग्राउट नाही.

पायरी ७: नमुना घरी आणून त्याला छळा

हातभर आकाराचे नमुने मागून आणा आणि ते ओट्यापुढच्या जमिनीवर ठेवा, टेबलावर नव्हे. सकाळी, दुपारी आणि दिवा लावून रात्री बघा. त्यावर एक थेंब तेल, एक थेंब गडद चहा आणि थोडं पाणी टाका. तासाभराने पुसा आणि काय राहिलं ते बघा. चिमूटभर वाळू टाकून चपलेने घासा. किल्लीचं टोक ओढा. टाइल ओली करून तिच्यावर अनवाणी पाय सरकवून बघा. लाकडाच्या नमुन्यावर ओलं फडकं रात्रभर ठेवा. सकाळी कडेला फुगवटा आला किंवा पॉलिश पांढुरकं झालं, तर कळायचं ते कळलं. नमुन्याचा अर्धा भाग झाकून काही आठवडे उन्हात ठेवला तर रंग किती बदलतो तेही दिसेल. चेरी उन्हाने गडद होते, अक्रोड फिकट होतो.

पायरी ८: काम चालू असताना हजर राहा

टाइलचं काम सुरू झालं की पहिल्या तासात एक टाइल बसवल्या बसवल्या उचलायला सांगा. तिच्या पाठीला मसाला कुठे लागला ते बघा. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के, पाण्याच्या जागी ९५ टक्के भाग भरलेला हवा. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, अशी पाठ दिसली तर काम तिथेच थांबवा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीवर खुर्चीचा पाय किंवा जड भांडं आलं की टाइल तडकते. दुसऱ्या दिवशी एखादं नाणं घेऊन सगळ्या फरशीवर टकटक करत फिरा. भरीव जागी आवाज टणक आणि बारीक येतो. पोकळ जागी तो बद्द होतो आणि नाण्याखाली हलकी थरथर जाणवते. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने फुली मारा. कोपऱ्यांवर फुल्या जास्त असतील तर त्या टाइल ग्राउट भरण्याआधी बदलून घ्या.

पहिली ओळ कुठून धरायची हे गवंडी सोयीने ठरवतो, तुम्ही नजरेने ठरवा. खोलीत शिरताना समोर दिसणाऱ्या कडेला अखंड टाइल यायला हवी आणि कापलेल्या पट्ट्या कपाटांखाली जायला हव्यात. भिंती गुण्यात, म्हणजे एकमेकींशी काटकोनात, आहेत का ते आधी तपासा. नसतील तर भिंतीला समांतर न जाता खोलीच्या मध्यातून लाईनदोरी धरून काम करायचं.

लाकडाच्या कामात फळ्यांची टोकं बघा: शेजारच्या ओळींतले जोड एकाखाली एक येऊ नयेत, किमान १५-२० सेंटीमीटरचं अंतर हवं. वेगवेगळ्या चार-पाच खोक्यांतल्या फळ्या मिसळून वापरायला सांगा, म्हणजे रंगाचे ठिगळ दिसत नाहीत. सिंक आणि डिशवॉशरच्या कडेचे सांधे सिलिकॉनने बंद करून घ्या.

माल मागवताना सरळ मांडणीला १० टक्के, तिरप्या किंवा हेरिंगबोन (नागमोडी) मांडणीला १५ टक्के जास्त धरा. काम संपल्यावर उरलेलं एक खोकं परत करू नका. टाइलचा बॅच क्रमांक पुढच्या वर्षी मिळत नाही. लाकडाच्याही दोन-चार फळ्या घरातच, कोरड्या जागी आडव्या ठेवा.

पॉलिश केल्यावर दुसऱ्या दिवशी मोजे घालून चालता येतं, पण गालिचा आणि चटई टाकण्याची घाई नको. पाण्यावर आधारित पॉलिश पूर्ण पक्कं व्हायला एक-दोन आठवडे घेतं, तेलावर आधारित महिनाभर. तोवर सिंकखाली आणि फ्रिजच्या पाण्याच्या नळीखाली गळती ओळखणारी बॅटरीवरची छोटी यंत्रं ठेवून द्या. पुसताना लाकडावर आणि सिमेंटच्या ग्राउटवर व्हिनेगर वापरू नका. ते ग्राउट खातं आणि पॉलिशची झळाळी मारतं. वाफेचा मॉप लाकडावर मुळीच नको, विकणाऱ्याने काहीही सांगितलं तरी.